डाव्या सीटवरच्या सत्यशीलाबाई

बीडमध्ये बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सत्यशीलाबाईंचा बायकांना गाडी शिकवायचा क्लास होता. एकच जुनी पांढरी गाडी, तिच्या डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवून घेतलेला. शिकणारी बाई घाबरून स्टेअरिंग सोडून देई, समोरून रिक्षा अंगावर येई, तरी बाईंचा आवाज चढत नसे. जेवताना कुणी "मीठ द्या" म्हणावं तसं त्या "ब्रेक" म्हणत, आणि शिकणारीचा पाय आपोआप ब्रेकवर पडे.

त्यांचं स्वतःचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. शाळेतून आल्या, दप्तर ठेवलं, तर घरात पाहुणे बसलेले. नवरा आसाराम एसटीत ड्रायव्हर. माणूस भला निघाला. लग्नानंतर काही वर्षांनी त्यानेच भावाच्या जीपवर बायकोला गाडी शिकवली. गावातले लोक हसले तेव्हा तोही त्यांच्यात हसला, पण शिकवणं काही थांबवलं नाही. हे सगळं बाई कौतुकाने सांगत, आणि शेवटी न चुकता म्हणत, "माझं बरं झालं म्हनून ती रीत बरी होत न्हाई."

शहराबाहेर विजयसिंहांचा मोठा माळ होता. विजयसिंह म्हणजे जमीनजुमला असलेला, निवडणुकीच्या फलकांवर कोपऱ्यात फोटो असणारा माणूस. त्यांना गाड्यांचा भारी शौक. माळावर मुरूम टाकून, रोलर फिरवून त्यांनी वळणावळणाचा ट्रॅक करून घेतला आणि हिवाळ्यातल्या रविवारी हौशी लोकांना तिथं गाडी चालवायला बोलवायला सुरुवात केली. ना बक्षीस, ना नंबर. तरी लोक त्याला रेसच म्हणायचे.

पहिल्याच हिवाळ्यात तिथं एक पंधरा वर्षांचा पोरगा गाडीत बसला. त्याची आई दोरीपाशी उभी राहून ओरडत होती, "थांबवा त्याला, मला भ्या वाटायलंय." भोवतीचे बाप्ये म्हणाले, "कावून भिता वहिनी? काय झालं ते तरी सांगा." ती बिचारी काय सांगणार? पुढच्या वळणाला गाडी टायरांच्या कठड्यावरून उडाली आणि उभ्या मोटारसायकलींवर जाऊन पडली. पोरगा वाचला. मोटारसायकलीवर बसलेल्या एका माणसाचा पाय मात्र गुडघ्याखाली कायमचा गेला.

विजयसिंह हादरले. लहान पोरांना बंदी घालावी, तर ती रस्त्यावर चालवतात, हे त्यांना ठाऊक होतं. कुणीतरी सत्यशीलाबाईंचं नाव सुचवलं. बाई माळावर आल्या, ट्रॅक पायी चालून पाहिला आणि म्हणाल्या, "अठराच्या आतल्या लेकरांचं मी बघते. पण नियम माझे. मधी कुणी बोलायचं न्हाई."

सोळा पूर्ण असल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. अठरा होईपर्यंत एकट्याने चालवायची नाही, डाव्या सीटवर बाई किंवा त्यांनी ठरवलेला माणूस हवाच, आणि गाडी डाव्या ब्रेकचीच. हेल्मेट, बंद बूट, अंगभर सुती कपडे. कुणाला मागे टाकायचं नाही, घड्याळ लावायचं नाही. लेकरांचे फोटो काढायचे नाहीत. आई आणि बाप दोघांनी यायचं, दोघांनी सही करायची, आणि लेकराची गाडी चालू आहे तोवर दोघांनी दोरीपाशीच थांबायचं.

शेवटचा नियम सांगताना बाईंनी आवाज न चढवता प्रत्येक शब्द वेगळा केला. "आईबापांतलं कुनीबी, कवाबी, गाडी चालू असतानाबी सही परत घेऊ शकतं. घेतली की लाल झेंडा, अन् गाडी भाईर. कारण इचारायचं न्हाई."

"कारण तर इचारावं लागंल की, बाई," विजयसिंह म्हणाले.

"त्या दिवशी त्या माउलीला सगळ्यांनी कारणच इचारलं ना? तवर पोरगं टायरावरून गेलं."

विजयसिंहांनी मान डोलावली. नियम मंजूर झाले.

पुढच्या हिवाळ्यात सोमलिंगआप्पा आपल्या पोरीला घेऊन आला. चौसाळ्याला हायवेवर त्याचं गॅरेज. त्याला मुलगा नव्हता, एकुलती एक शिवानी. ती लहानपणापासून बापाला पाने-पक्कड उचलून द्यायची, मग शेडमधल्या गाड्या आतबाहेर करायला लागली. नुकतीच सोळा पूर्ण झाली होती. आप्पा मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगत होता, "आवाजावरून गाडीचा आजार वळखती आमची पोरगी." आई शिवकांता मात्र नाइलाजाने आली होती. सही केली, आणि ट्रॅककडे पाठ करून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पोरीला गाडीत बघवत नाही म्हणाली.

बाई डाव्या सीटवर बसल्या. पाय ब्रेकजवळ ठेवला. पहिली चक्कर झाली, दुसरी झाली, बाईंचा पाय जागचा हलला नाही. पोरगी वळणात शिरायच्या आधीच गाडी हलकी करायची, वळणात अजिबात धसमुसळेपणा नाही, आणि नजर बॉनेटवर नसून पुढच्या वळणावर. बाईंनी इतक्या वर्षांत शेकडो बायकांना शिकवलं होतं. असं शिकवून येत नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

"वळणाच्या आधी ब्रेक मारायचा, हे कुनी शिकवलं गं तुला?"

"कुनी न्हाई, मॅडम. वळणात मारला की गाडी वरडती. तिला ते आवडत न्हाई."

बाईंना हसू आलं. त्या सहसा हसत नसत. घरी जाऊन त्यांनी आसारामला सांगितलं, "ही पोरगी अठराची झाली की लायसन काढून देते, अन् क्लासात माझ्या हाताखाली घेते. पुढं क्लास तीच चालवंल."

आसाराम म्हणाला, "बापाला इचारलं का?"

"बाप तर माझ्याहून जास्त खूश हाय."

त्या हिवाळ्यात शिवानी दर रविवारी आली. तिला पाहून आणखी तीन मुली यायला लागल्या. दोघी बीडच्या, एक मांजरसुंब्याकडची. दहा वाजले की मोठ्या गाड्या बाजूला घेत आणि ट्रॅक लेकरांना मोकळा करून देत. बाई एकीला उतरवून दुसरीला बसवत. दुपारपर्यंत डाव्या सीटवरून उठत नसत. पाठ धरायची, पण चेहऱ्यावर तेज असायचं. आसाराम गमतीने म्हणायचा, "ह्या वयात बाईला माहेर गावलं."

त्याच्या पुढचा हिवाळा आला. शिवानी सतरा पार करून गेली होती. बारावीचं वर्ष. त्याच सुमारास तिला एक स्थळ आलं. मुलाच्या घरचं कापडाचं दुकान, घरात दोन गाड्या, जातीतले, नात्यातलेच कुणीतरी मध्यस्थ. सोमलिंगआप्पाने बाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. शिवानीनेही नाही. तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. घरी चार माणसं चहाला येऊन गेली, एवढंच तिला माहीत.

मधल्या काळात विजयसिंहांच्या माणसांपैकी कुणीतरी नियम मोडून शिवानीचा व्हिडिओ काढला. वळणावर धूळ उडवत येणारी गाडी, काचेतून दिसणारी तिची वेणी आणि हेल्मेट, मागे गाणं लावलेलं. तो फिरत फिरत कापड दुकानात पोचला.

त्या रविवारी सकाळी दोघा नवराबायकोंनी नेहमीसारखी सही केली. शिवानी गाडीत बसली. शिवकांता आपल्या खुर्चीत पाठ करून बसली. चक्कर अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात आप्पाचा फोन वाजला. तो दोरीपासून थोडा लांब गेला. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. झेंडेवाल्याला म्हणाला, "गाडी भाईर घ्या. सही परत घेतली."

लाल झेंडा वर गेला.

गाडीत शिवानीला तो आधी दिसला. "मॅडम, लाल."

"घे भाईर."

"माझं काय चुकलं?"

"तुझं काई न्हाई. सावकाश घे."

पोरीने इंडिकेटर दिला, गाडी हळूहळू कडेला आणली, इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला. सगळं शिकवल्याप्रमाणे. मग हेल्मेट न काढता तशीच बसून राहिली.

बाई उतरून आप्पाकडे गेल्या. "काय झालं, आप्पा?"

"कारण इचारायचं न्हाई म्हनून तुमीच लिवलंय, ताई."

"मी इचारायले. झेंडा दाखवला, गाडी आली भाईर. आता इचारायले."

आप्पा खाली बघत म्हणाला, "सोयरिकीचं चाललंय. तिकडून फोन आलता. पोरगी रेसमधी गाडी पळवती म्हन्ले. असली पोरगी आमाला नको म्हन्ले."

"अन् तुमी काय म्हन्ले?"

"म्हन्लं, आजपासून बंद."

बाईंनी विजयसिंहांकडे पाहिलं. ते जवळच उभे होते. त्यांना वाईट वाटलं असावं, पण ते एवढंच म्हणाले, "बाई, नियम तर तुमचाच हाय." आणि झेंडेवाल्याला म्हणाले, "पुढचं लेकरू घ्या."

शिवानी उतरली. हेल्मेट बाईंच्या हातात दिलं आणि आईच्या मागे चालत गेली. त्यांच्या गाडीत ती मागच्या सीटवर बसली. बाईंना वाटलं, पोरगी एकदा तरी वळून बघेल. तिने बघितलं नाही.

बाई पुढच्या आठवड्यात चौसाळ्याला गेल्या. गॅरेजमध्ये आप्पा एका ट्रॅक्टरच्या खाली आडवा पडला होता. बाहेर यायला त्याने मुद्दाम वेळ लावला. शिवकांता पाणी घेऊन आली, बसा म्हणाली. बोलता बोलता तिच्याच तोंडून निघून गेलं की परीक्षा झाली की उन्हाळ्यातच उरकायचं.

"उन्हाळ्यात तिला अठरा कुठं होत्यात?" बाई म्हणाल्या.

आप्पा चिंधीला हात पुसत म्हणाला, "थोडेच महिने ऱ्हायले, ताई. पावसाळ्यात होतीलच की. तेवढ्यासाठी चांगलं स्थळ कावून सोडायचं?"

"त्या थोड्या महिन्यांसाठी मी तिला रिकाम्या माळावर एकटीला गाडी दिली न्हाई, आप्पा. शेजारी मी, पायाखाली ब्रेक, तरी न्हाई दिली. अन् तुमी तिला सगळा संसार द्यायले?"

आप्पा पुन्हा चिंधीला हात पुसायला लागला. शिवकांता मात्र बोलली. "माजं तर चौदाव्या वर्षी झालं. मेले का मी?" ती रागाने म्हणाली. पाण्याचा तांब्या उचलून ती आत गेली.

बाई निघाल्या तेव्हा शेडच्या मागून शिवानी आली. बारीक झाली होती. बापाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली. "मॅडम, काय करता येतंय का? मला शिकायचंय अजून."

"करते," बाई म्हणाल्या.

त्यांनी घरी येऊन आसारामशी बोलणं केलं. आसाराम म्हणाला, "फोन कर. पन एवढं ध्यानात ठेव, एकदा केला की ते घर तुला बंद." बाईंनी मुलांच्या मदतीसाठीच्या सरकारी नंबरवर फोन लावला. स्वतःचं नाव लपवलं नाही.

माणसं वेळेवर गेली. नीट बोलली. कायदा सांगितला, शिक्षा काय होते ते सांगितलं. सोमलिंगआप्पाने चारचौघांसमोर कबूल केलं की पोरगी अठराची झाल्याशिवाय लग्न करणार नाही, आणि तसं लिहून दिलं. बाईंना वाटलं, झालं. निदान तेवढे महिने मिळाले. तेवढ्यात बारावीचा निकाल लागेल, मन बदलेल, काहीतरी होईल.

उन्हाळ्यात एका सकाळी बाई चौसाळ्यावरून जात होत्या. गॅरेजचं शटर खाली. समोरच्या चहावालीला विचारलं.

"यात्रेला गेलेत समदे. शिवकांताच्या माहेराकडं, तिकडं राज्याच्या सीमेपल्याड."

"कसली यात्रा?"

चहावालीने इकडेतिकडे पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? लगीन हाय पोरीचं. हितं तुमच्या भ्यानं केलं न्हाई."

बाईंनी तिथल्या तिथे पुन्हा फोन लावला. समोरच्याने विचारलं, कोणतं गाव, कोणता तालुका, कुणाचं घर. बाईंना काहीच सांगता येईना. चहावालीला गावाचं नाव माहीत नव्हतं, किंवा तिने सांगितलं नाही. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मॅडम, ठिकाण सांगा, आम्ही तिकडं कळवतो." बाई आप्पाला फोन लावत राहिल्या, तो उचलत नव्हता. मग बंद लागला. दुपारपर्यंत त्या चहाच्या टपरीवर बसून होत्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा चहावालीनेच त्यांना उठवलं. "जावा बाई घरी. आतापर्यंत अक्षता पडल्या बी असतील."

त्यानंतर बाईंनी चौसाळ्याचा रस्ता सोडला. लांबून जायच्या, पण त्या रस्त्याने नाही.

शिवानी त्यांना एकदाच भेटली, दिवाळीच्या सुमाराला. आसारामच्या बहिणीला दाखवायला त्या अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर शिवानी बसली होती. पोटुशी होती, पाचवा महिना असावा. शेजारी सासू. बाईंना बघून ती उठायला लागली, सासूने दंडाला धरून बसवली.

"ह्या कोन?" सासूने विचारलं.

"आमच्या मॅडम," शिवानी म्हणाली. "कॉलेजात होत्या."

बाईंनी ते तसंच राहू दिलं. जवळ बसल्या. तब्येत कशी आहे, खातेस का नीट, डॉक्टर काय म्हणाले, असं विचारत राहिल्या. सासू कागद घेऊन खिडकीशी गेली तेव्हा त्यांनी पटकन तिचा हात धरला. "काय लागलं तर सांग. कवाबी. माझा नंबर हाय ना?"

"फोन न्हाई माझ्याकडं, मॅडम."

"निकाल लागला का?"

"लागला. पास झाले." मग म्हणाली, "तुमी फोन केलता म्हनून पप्पाला लई तरास झाला. पावन्यांनी लई बोलून घेतलं. आता मला माहेरीबी जास्त धाडत न्हाईत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते सांगत होती फक्त. "तुमी केलं ते बरंच केलं. मीच म्हन्ले होते ना तुमाला."

सासू परत आली. नंबर लागला होता. शिवानी भिंतीला हात लावत उठली आणि आत गेली.

घरी परतताना बाई गाडी चालवत होत्या. आसाराम शेजारी आणि त्याची बहीण मागे. लोखंडी सावरगावच्या पुढे बाईंनी गाडी एकदम कडेला घेतली. खाली उतरल्या, दार लावलं आणि शेताच्या बांधावर जाऊन बसल्या. आसाराम जवळ गेला तर म्हणाल्या, "तुमी चालवा आता."

माळावरचे रविवार सुरू व्हायच्या आधी त्या विजयसिंहांकडे गेल्या. नियमात एक ओळ घाला म्हणाल्या. सही परत घेतली की गाडी बाहेर आणायचीच, पण त्यानंतर लेकराला बाजूला घेऊन, आईबाप नसताना, तुला काय सांगायचंय का, असं विचारायचं. विजयसिंह लगेच हो म्हणाले. त्यांनी कसलीच घासाघीस केली नाही. बाईंना त्याचंच नवल वाटलं.

पहिल्या रविवारी दहा वाजता ट्रॅक मोकळा केला. बाई हेल्मेट घेऊन उभ्या. एकही मुलगी आली नाही. बीडच्या दोघी नाहीत, मांजरसुंब्याची नाही. चार पोरं आली, त्यांच्या बापांनी विजयसिंहांना बाजूला घेऊन विचारलं, "डाव्या सीटवर दुसरं कुनी बसलं तर चालंल का?" विजयसिंह बाईंकडे आले. नजर चुकवत म्हणाले, "बाई, लोक म्हनत्यात, ही बाई सरकारला फोन करती. तुमचं चुकलं असं मी म्हनत न्हाई. पन लेकरं तर यायला पायजेत ना?"

बाईंनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. त्या पोरांना दुसऱ्या माणसाने बसवलं. बाई दोरीपाशी थोडा वेळ थांबल्या आणि मग निघाल्या. नंतरच्या रविवारी पोरंही आली नाहीत म्हणून दहाची वेळ मोठ्यांनाच देऊन टाकल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं.

क्लासातही बायका कमी होत गेल्या. ज्यांचे पैसे नवऱ्यांनी, सासऱ्यांनी भरले होते, त्या बायका त्यांनीच काढून घेतल्या. कुणी भांडलं नाही. कुणी आजारपण सांगितलं, कुणी पाहुणे. दोन वर्षं झाली, गल्लीत पाटी अजून आहे, पण तिच्यावरचा नंबर उन्हाने पुसट झालाय.

मागच्या महिन्यात एक तरुण बाई चौकशी करून गेली. तिला नोकरीसाठी गाडी यायला हवी होती. सत्यशीलाबाईंनी तिला गाडीत बसवलं, सीट पुढे घेऊन दिली, आरसे नीट करून दिले, क्लचवर पाय कसा ठेवायचा ते दाखवलं. उद्या सकाळी सातला या म्हणाल्या. ती खुशीत गेली. दुसऱ्या दिवशी सात वाजता तिचा नवरा एकटाच आला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, तिला आता गरज न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि आसारामला चहा टाकायला सांगून आत जाऊन पडल्या.